रघू, बांगड्या मला ऐकू आल्या नाहीत

माणूस देहाने जातो, पण त्याचा आवाज अमर असतो. हे वाक्य, रघू, तुझ्या शोकसभेत तीन वक्त्यांनी म्हटलं आणि तिघांचंही चौथ्या रांगेच्या मागे कोणाला ऐकू गेलं नाही. मी पाचव्या रांगेत होतो. तरी मला ते माहीत आहे, कारण तिघांनीही आपापली भाषणं संध्याकाळी ग्रुपवर टाकली.

सभा ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये होती. माइक तोच, ज्याच्याबद्दल तू संघाला दोन लेखी अर्ज दिले होतेस. पहिल्या वक्त्याने "कैलासवासी" एवढंच म्हटलं आणि स्पीकर असा किंचाळला की पहिल्या रांगेतल्या आजींनी कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं. माझी मान आपोआप मागे वळली. "अहो, स्पीकर माइकच्या पुढे आणा, मागे काय ठेवलाय," असं करवादत तू मधल्या वाटेने येशील, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं. तू समोर टेबलावर होतास, झेंडूच्या हारात. वहिनींनी मुद्दाम गळ्यात हेडफोन असलेला फोटो दिला होता, आणि संघाच्या चिटणिसांनी हार असा घातला होता की हेडफोन दिसू नये.

मग दोन मिनिटं शांतता. चिटणीस घड्याळाकडे बघत होते, तरी ती पाऊण मिनिटात संपली. माइक कोणी बंद केला नव्हता. त्या पाऊण मिनिटात मला ती ऐकू आली. घरघर. जिच्या मागे तू पंधरा वर्षं हात धुऊन लागला होतास, जी मला कधीच ऐकू आली नाही आणि जिच्यावरून मी तुझी इतकी टिंगल केली, ती. खर्जातली, सलग, मध्ये श्वास न घेणारी. मी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "तुम्हाला येतंय का ऐकू?" ते म्हणाले, "शूऽ! श्रद्धांजली चाललीये."

सभेनंतर वहिनींना घरी सोडलं. दारात चपलेचा पट्टा सोडता सोडता त्या म्हणाल्या, "भाऊजी, सगळे म्हणत होते आवाज राहतो. मग कुठे राहिलाय तो? मला काढून द्या ना."

मी म्हटलं, "वहिनी, ती बोलायची पद्धत असते."

"असेल. पण यांनी अख्ख्या जिल्ह्याचा आवाज भरून ठेवलाय. यांचा कुठेतरी असेलच की." मग पट्ट्याकडेच बघत म्हणाल्या, "डोळे मिटले की चेहरा दिसतो हो. आवाज येत नाही. महिनासुद्धा झाला नाही अजून."

तेव्हापासून मी रोज दुपारी तुझ्या खुर्चीत बसतो. खुर्ची तू तुझ्या उंचीला लावून घेतली होतीस, माझे पाय नीट टेकत नाहीत. ती खाली करायची कळ मला माहीत आहे. अजून केलेली नाही.

*

तीस वर्षं तू सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काढलीस. दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे आणि जो बसत नाही त्याच्यावर लाल खडूने फुली मारून बाजूला टाकायचा. निवृत्त झालास तेव्हा भाग संपले आणि खडू उरला. मग तुझी नजर आवाजावर गेली. लोकांच्या माळ्यावर पडलेल्या कॅसेटी तू कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागलास. कोणाच्या वडिलांचं भजन, कोणाच्या आत्याने लग्नात म्हटलेली मंगलाष्टकं, एकदा तर नुसता तासभर चाललेला वाटणीचा वाद. तोही तू स्वच्छ करून दिलास. घेऊन जाणाऱ्याला म्हणालास, "आता कोण काय म्हणालं ते स्पष्ट ऐकू येईल." तो माणूस पुन्हा आला नाही.

माझं काम नावं लिहिण्याचं. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक दिले, म्हणून तू मला ग्रंथपाल म्हणायचास, आणि अशा सुरात म्हणायचास की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी. दर बुधवारी दुपारी मी तुझ्याकडे यायचो. मी एकटा राहतो. माझ्या आठवड्यात तेवढा एकच वार होता, बाकीच्या तारखा.

पहिल्याच बुधवारी तू मला टेपरेकॉर्डर जोडायला सांगितलंस आणि आत जाऊन आलास.

"ग्रंथपाल, हे काय केलंत?" रागावलास की तू अहो-जाहो करायचास.

"टेप जोडला."

"कशात?"

"भोक होतं."

"तीन भोकं आहेत. गुलाबी माइकचं. माइकचा आवाज एवढासा असतो, म्हणून ते भोक आतून तो वाढवून घेतं. त्यात तुम्ही टेप घातलात. कुजबुज ऐकायला कान लावून बसलेल्या माणसाच्या कानात ढोल बडवलात. निळं बघा. निळं."

"आणि हिरवं?"

"हिरव्यातून बाहेर येतं. त्याला हात लावू नका."

नंतरच्या एका बुधवारी मला कॉम्प्युटरच्या आवाजाच्या यादीत 'सुधारणा' असा शब्द सापडला. त्यात 'मोठं सभागृह' असा पर्याय होता. मी तो लावला. मला तो फार आवडला. तू आलास, पाच सेकंद ऐकलंस आणि म्हणालास, "ओसरीवर बसून म्हणतेय ती बाई. तिला टाऊन हॉलमध्ये कोणी नेलं?"

"तिला आवडलं असतं."

"विचारलंस तिला?"

त्या यादीतल्या सगळ्या सुधारणा तू एकेक करून बंद केल्यास. समाजसुधारणेबद्दल तुझी मतं काय होती मला माहीत नाही. आपण तो विषय कधी काढला नाही. पण आवाजाच्या बाबतीत तुझं म्हणणं स्पष्ट होतं, की यंत्राने आपल्या मनाचं काही घालू नये. कॉम्प्युटरवरची पट्टी पूर्ण उघडी ठेवायची आणि लहान-मोठं ॲम्प्लिफायरच्या खटक्यावर करायचं. रेकॉर्ड करताना वर जागा सोडायची, कारण काटा लालला टेकला की तिथला आवाज फुटतो आणि फुटलेला कशानेही जोडता येत नाही. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तू वही चाळलीस आणि म्हणालास, "अक्षर छान आहे."

आणि घरघर. ती दर वर्षी एप्रिलमध्ये यायची. तू फ्रिज बंद केलास. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर बंद करायला लावलीस. कॉम्प्युटर, टेप, ॲम्प्लिफायर, सगळं एकाच बोर्डावर घेतलंस, तरी ती होतीच. एकदा माझ्याकडे रोखून बघत म्हणालास, "घड्याळ काढ." मी काढलं. थोडा वेळ ऐकून म्हणालास, "तू नाहीस." मला निर्दोष सुटल्यासारखं वाटलं.

मग तुला कळलं. घराच्या मागे, तुळशीशेजारी, विजेच्या अर्थिंगचा खड्डा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, आणि मग जी वीज गुपचूप जमिनीत जायला हवी ती तुझ्या स्पीकरमध्ये येऊन बसते. त्या दिवसापासून दर बुधवारी तीन वाजता तू खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचास, वर मूठभर खडेमीठ. वहिनी ओट्यावरून म्हणायच्या, "तुळशीला जन्मात कधी एवढं पाणी घातलं नाही हो यांनी." घरघर गेली असं तू जाहीर केलंस. मी अभिनंदन केलं. मला ती आधीही ऐकू येत नव्हती, नंतरही आली नाही.

*

तुझी अजून एक पद्धत होती, आणि आता तिच्यामुळेच सगळी पंचाईत झाली आहे. रेकॉर्डिंगच्या आधी तू सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवायचास आणि ती शांतता वेगळी भरून घ्यायचास. त्या खोलीचा स्वतःचा आवाज कळला की नंतर तेवढाच काढून टाकता येतो, असं तुझं शास्त्र. घोटीच्या पुढे, भाताच्या आवणीची गाणी म्हणणाऱ्या त्या चंद्राआजीकडे आपण गेलो होतो, आठवतं? तिला खाटेवर बसवलंस, माइक लावलास, आणि हात वर करून म्हणालास, "आजी, आता अर्धा मिनिट अजिबात बोलायचं नाही."

"आरं, गानं म्हनाया बोलावलं ना मला?"

"हो, पण आधी शांतता पाहिजे."

"लय लांबून आला रं तू शांतता न्यायला. तुमच्या नाशकात नाय का?"

मग ती गायली, आणि ठेका धरायला खाटेच्या माच्यावर हात टेकवत राहिली. परतीच्या जीपमध्ये तू मला विचारलंस, "बांगड्या ऐकल्यास? लाकडावर टेकत होत्या. सम आली की थोड्या जोरात." मी म्हटलं, "हो तर." मी ऐकल्या नव्हत्या. मी तिच्या कोंबड्याकडे बघत होतो.

आणि घरी आल्यावर तू कापाकापी करायचास. "हं, बोला आजी", "पुन्हा एकदा म्हणता का", "थांबा, ट्रक जाऊ द्या", असं जिथे जिथे तू होतास, तिथे तिथे तू स्वतःला कापून टाकलंस. "रेकॉर्ड करणारा ऐकू आला की माल रिजेक्ट," म्हणायचास. फोनवर कधी बोलून निरोप पाठवला नाहीस, कारण फोन आवाज चेपतो. सगळं टाइप, तेही पूर्णविरामासकट. नात्यातल्या लग्नांच्या व्हिडिओंत तू आहेस, पण कॅमेऱ्याकडे पाठ करून स्पीकरवाल्याशी भांडताना, आणि वर सनई.

तर गेल्या महिनाभरात मी शंभरावर तास ऐकले. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, दिंडोरी. प्रत्येक फाइलच्या नावात गाव, माणूस, कोणत्या कार्डावरून भरलं, पास की रिजेक्ट, सगळं लिहिलेलं. असा कॅटलॉग माझ्या ग्रंथालयातही नव्हता. त्यातून तुझे निघाले ते असे: अकरा 'हं', दोन खोकले, एक 'थांबा'. शांततेच्या फाइलीही ऐकल्या. 'घोटी - शांतता' या फाइलीत हेडफोन लावून नीट लक्ष दिलं तर दोन माणसांचे श्वास आहेत. त्यातला माझा कोणता ते मला सांगता आलं नाही.

ते अकरा 'हं' मी वहिनींना ऐकवले. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "यांचेच आहेत. पण भाऊजी, हे असं हं ते मी बोलत असताना म्हणायचे. म्हणजे ऐकत नसताना."

*

आता एक गोष्ट सांगायची आहे. आठ वर्षं राहिली होती.

तू ते बाहेरचं साउंड कार्ड घेतलंस तेव्हाची. पेन्सिलीच्या डबीएवढं, वर निळा दिवा. तुझं म्हणणं, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर जे कार्ड अंगचंच असतं ते कामाचं नाही, कारण त्याच्या आजूबाजूला सगळ्यांची कुरकुर चालू असते. कार्ड पोटाच्या बाहेर हवं. माझं म्हणणं, कुरकुर तुझ्या डोक्यात आहे. दोन बुधवार आपण यावर भांडलो. तिसऱ्या बुधवारी तू म्हणालास, "परीक्षा घे. मी पाठ करून बसतो. दहा वेळा वाजव, दर वेळी तुझ्या मर्जीने या कार्डातून नाहीतर त्या कार्डातून. मी ओळखतो. हरेल त्याने कोपऱ्यावरून भजी आणायची."

तुला पंखा बंद करायचा होता. मी म्हटलं, "एप्रिल आहे, रघू. परीक्षक मेला तर निकाल कोण लावणार?" पंखा चालू राहिला. तू टेबलावर एक माइकही ठेवलास, परीक्षेची नोंद हवी म्हणून, आणि मी पुढच्या दोन मिनिटांत तो विसरलो. तू खिडकीकडे तोंड करून बसलास.

माझा बेत असा होता. ॲम्प्लिफायरचा जॅक अंगच्याच कार्डात, हिरव्या भोकात, ठेवायचा आणि दहाही वेळा हलवायचाच नाही. वायर नुसती खुडबुडायची. तू तिथे नसलेला फरक सांगत जाशील, आणि शेवटी मी शांतपणे एक वाक्य बोलेन. ते वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलं होतं. प्रूफसुद्धा तपासून झालं होतं.

चंद्राआजीचं गाणं लावलं. पहिल्यांदा तू म्हणालास, "हे जुनं. दबलंय." दुसऱ्यांदा, "जुनंच." मी वायर खुडबुडली. तिसऱ्यांदा तू हात वर केलास.

"थांब. हे नवीन. उघडलं बघ. बांगड्या ऐक. माच्यावर टेकतायत, आणि आता, आता जोरात. ऐकतोयस ना रे?"

"हो."

तू गुडघ्यांवर पंजे ठेवून पुढे वाकला होतास. शर्टाची कॉलर मागून उलटी झाली होती. मी दहाव्या वेळेपर्यंत वायर खुडबुडत राहिलो आणि त्या कॉलरीकडे बघत राहिलो. मग तू खुर्ची फिरवलीस.

"किती?"

वाक्य तोंडात होतं. मी म्हटलं, "नऊ. दहापैकी नऊ."

"चुकलं कुठलं?"

याची मी तयारी केली नव्हती. म्हटलं, "सातवं."

"सातव्यात मला शंका होतीच," तू म्हणालास.

मी भजी आणायला गेलो.

त्यानंतर ते प्रमाणपत्र तू गावभर मिरवलंस. संघात, बँकेच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे. "दहापैकी नऊ! आणि परीक्षक कोण, तर आमचे ग्रंथपाल, देवालासुद्धा पावती मागणारा माणूस." हे सांगताना तू दर वेळी माझ्याकडे बघायचास. मी मान हलवायचो. माझ्या आयुष्यात मी शंका या एकाच गोष्टीशी प्रामाणिक राहिलो होतो, आणि जी एक शंका मी स्वतः सिद्ध केली होती, तिच्यावर मी भजी आणून पांघरूण घातलं. तुला सांगायचं दर बुधवारी ठरवायचो. नंतर इतका उशीर झाला होता की सांगणं हा नुसता दुष्टपणा ठरला असता.

आणि मग आयसीयू. शेवटच्या रविवारी मी तुझ्याजवळ उभा होतो. तू मास्कमधून काहीतरी म्हणालास. चार-पाच शब्द असतील. मशीन पिकपिकत होतं, ऑक्सिजन फुसफुसत होता, मला एक अक्षर कळलं नाही. तू पुन्हा म्हणालास. मी मान हलवली. तू माझ्याकडे बघत राहिलास, एखादा भाग मापात बसत नसला की कारखान्यात बघत असशील तसा. मग डोळे मिटलेस. 'पुन्हा सांग' एवढंच म्हणायचं होतं मला. मी तुझा हात थोपटला आणि खाली जाऊन चहा घेतला.

*

गेल्या बुधवारी मला 'रिजेक्ट' नावाचं फोल्डर उघडायचं सुचलं. आधी उघडलं नव्हतं, कारण तू टाकलेलं काढायचं माझ्या जिवावर येत होतं. त्यात फुटलेले आवाज, कुकरच्या शिट्ट्या, एका कीर्तनावर पडलेलं हेलिकॉप्टर. आणि तळाशी ती परीक्षा.

मी ती लावली. माझी खुडबुड ऐकू आली. स्पष्ट ऐकू आली. "हे जुनं. दबलंय," तू म्हणालास, आणि रघू, मी खुर्चीचे हात धरले. पूर्ण वाक्यं. कापलेली नाहीत. माझं "नऊ" आलं. माझं "सातवं" आलं, आणि इतकं खोटं आलं की मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला. पण तेवढ्यात दार वाजलं, म्हणजे मी भजी आणायला बाहेर पडलो, आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. वहिनींच्या बांगड्या आल्या, कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"झाली का परीक्षा? कोण जिंकलं?"

"कोणी नाही. त्याने जॅक एकदाही हलवला नाही."

"म्हणजे?"

"दहाही वेळा एकच कार्ड. जॅक बसताना टक् होतं गं. एकदाही झालं नाही. नुसता वायर खुडबुडत होता बिचारा. पंख्यात लपेल असं वाटलं असेल त्याला."

"अगंबाई! मग बोलला का नाहीत?"

"तो मला उघडं पाडायला आला होता. म्हटलं बघू, पाडतो का." मग बराच वेळ पंखाच. मग तू म्हणालास, "नाही पाडलं."

"आणि त्या बांगड्या? मघाशी एवढं ओरडून सांगत होतात."

"त्या आहेतच. त्या जुन्या कार्डावरही ऐकू येतात."

"मग नवीन घेतलं कशाला?"

"ते चांगलं आहे."

"किती चांगलं?"

"आहे चांगलं." मग खुर्ची करकरली. "त्याला सांगू नकोस हं. आणि त्याच्या चहात साखर घालू नकोस, भजी खाणार आहे तो. अरे, हे चालूच राहिलंय वाटतं."

टक्.

मी वहिनींना हाक मारली. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि माझ्याकडे न बघता स्पीकरसमोर उभ्या राहिल्या. मी पहिल्यापासून लावलं. तुझ्या पहिल्या शब्दाला त्यांनी पदर तोंडावर घेतला. संपल्यावर म्हणाल्या, "मला आठवतंय हे. सांगू नको म्हणाले होते."

"आठ वर्षं, वहिनी?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मग म्हणाल्या, "पुन्हा लावा." मी पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. तीन वाजले तशा त्या उठल्या आणि मागे गेल्या. बादली भरल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं, तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत होत्या. म्हटलं, "वहिनी, आता कशाला?" तर म्हणाल्या, "कोरडं पडलं तर तुम्हाला घरघर ऐकू येईल ना."

त्या हे करताहेत हे मला माहीतच नव्हतं. मी रोज येतो, पण खिडकीकडे पाठ करून बसतो.

तर असं आहे, रघू. तुझं मला आणि माझं तुला, दोन्ही माहीत होतं, आणि आपण आठ वर्षं एकमेकांना भजी खाऊ घातली. याबद्दल मी तुझे आभार मानावेत की तुझ्यावर चिडावं, हे ठरवायला मला अजून काही बुधवार लागतील. ते माझ्याकडे आता भरपूर आहेत. त्या चार-पाच शब्दांचं मात्र काही होण्यासारखं नाही. तिथे माइक नव्हता, आणि माझी मान तू लगेच ओळखली असणार. जो माणूस पंख्याखाली न झालेला टक् ऐकतो, त्याला मी ऐकत नाहीये हे कळायला कितीसा वेळ लागला असेल.

काल मी चंद्राआजी पुन्हा लावली. आधी अंगच्या कार्डातून, मग बाहेरच्या. या वेळी जॅक खरोखर हलवला. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, घड्याळ काढून ठेवलं. कॉम्प्युटरची पट्टी पूर्ण उघडी, सुधारणा सगळ्या बंद. दोन्ही कार्डांतला फरक मला कळला नाही. बांगड्या ऐकू आल्या नाहीत. ती हात टेकवत होती हे मला माहीत आहे, मी तिथे होतो. कोंबडा मात्र दोन्हींवर चांगला येतो.

परीक्षेची ती फाइल वहिनींच्या फोनमध्ये टाकून दिली आहे. रोज सकाळी देवपूजा झाली की त्या ऐकतात. फाइलचं नाव बदलून नुसतं तुझं नाव देऊ का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या, यांनी ठेवलंय तेच राहू द्या. त्यामुळे ते अजून तेच आहे: 'परीक्षा - मदरबोर्डचं कार्ड - रिजेक्ट - पंख्याचा आवाज'.